साखळीतली विमलची जागा

"नाच म्हंजे नाच. मडमेनं शिकवला म्हून त्याची काय शाळा व्हती व्हय?"

"मामा, तुमी अजून बघितलाच न्हाई."

"बघायचं न्हाई म्हून तर बंद केलंय. बघणारा असतोय म्हून नाचणारी असती. मी काय काल आलोय गावात?"

"ह्याच्यात बघणारं कुणी नसतंय. आठजणी लागतेत, आठीजणी नाचतेत. तोंडं समद्यांची आत."

"आन हुमनाबादला मांडवात बसणारेत, ती काय आंधळी आणायलेत?"

विमलनं तव्यावरची भाकरी उलटली. तिचे सासरे ज्ञानोबा उंबऱ्यात बसले होते, काठी मांडीवर आडवी. दार अडवायचं असं त्यांच्या मनात नसेलही, पण बाहेर जायचं तर त्या काठीवरून पाय टाकूनच जावं लागलं असतं.

"मी बाईंना शब्द दिलाय," ती म्हणाली.

"मीबी दिलेला हाय. तुझ्याआधी. समद्या वस्तीम्होरं." मग आवाज चढला. "माझ्या घरची बाई कुणाम्होरं नाचायला पाय उचलणार न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई."

शेजारच्या घरात इंदिराबाई खलबत्त्यात चटणी कुटत होत्या, ते कुटणं थांबलं. ज्ञानोबांचं 'न्हाई' भीमनगरातल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायचं.

त्यांनी दिलेला शब्द वस्तीत सगळ्यांना पाठ होता. छप्पन साली नागपूरची बातमी आली आणि पुढच्या उन्हाळ्यात मन्नाएखेळ्ळीच्या ह्या वस्तीनं दीक्षा घेतली. देव ओढ्यात सोडले, मेलेलं जनावर ओढायचं सोडलं, आणि हलगी सोडली. हलगी ज्ञानोबांची होती. गावात कुणा मोठ्याचं लग्न निघालं की वरातीपुढं हलगी त्यांची आणि नाच त्यांच्या बायकोचा, सावित्रीबाईचा, अशी जुनी रीत होती. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर हलगीचं कातडं फाडलं, कडं चुलीत घातलं आणि बायाबापड्यांकडून कबूल करून घेतलं की ह्यापुढं आपलं कुणी कुणाच्या दारात नाचणार नाही. सावित्रीबाई तेव्हा हयात नव्हत्या. त्या कशानं गेल्या हे घरात कुणी काढत नसे.

विमल सून होऊन आली ती त्यानंतर. माहेर उदगीरच्या बाजूचं, शिक्षण सातवीपर्यंत मराठीतून. कानडी तिला इथं आल्यावर आलं, थोडं बसच्या पाट्या वाचून आणि बाकीचं बाजारात भांडून. नवरा भीमराज गुलबर्ग्याला गिरणीत होता, सणावाराला यायचा. गावात बालवाडी निघाली तेव्हा सातवी पास बाई हवी होती, आणि तशी गावात ही एकच निघाली. सासऱ्यासमोर उभी राहून तिनं विचारलं होतं, मामा, मी जाऊ का. ज्ञानोबा काठी उचलून न बोलता बाहेर गेले होते. भीमराजनं गिरणीचं विचारलं तेव्हाही तसंच. घरात हळूहळू सगळ्यांना हे कळत गेलं होतं: न्हाई असलं की ते ओरडून सांगतात, आणि व्हय त्यांच्या तोंडून आजवर कुणीच ऐकलेलं नाही.

बालवाडी भरायची जुन्या चावडीच्या पडवीत. हैद्राबाद-सोलापूरचा रस्ता समोरूनच जातो, त्यामुळं ट्रकचा भोंगा वाजला की पोरांचं अर्धं गाणं तिकडं वाहून जायचं. ह्याच चावडीच्या पायऱ्या पूर्वी ज्ञानोबांना चढायची मुभा नव्हती. आता त्यांची सून तिथं गल्लीगल्लीतल्या पोरांची नाकं पुसत होती. धनगर गल्लीतल्या बाया पोरांना सोडायला येत, पण पायरीच्या खालूनच पोर वर सरकवत आणि मागं वळत.

पोरांची वजनं करायला एक नर्सबाई जीपनं यायच्या. मिशनच्या दवाखान्यातल्या, स्कॉटलंडच्या. नाव मॅक्रे, पण गावानं पहिल्याच फेरीत त्यांना मकरेबाई करून टाकलं आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. उंच, हाडकुळ्या, केस पांढरे, बोलणं अर्धं कानडी आणि अर्धं दखनी. वजनाच्या दिवशी बाया पडवीत दोन टोकांना दोन घोळके करून बसत, मधे तागडी. मकरेबाईंनी हे बरेच दिवस बघितलं. मग एका थंडीत, पोरं निजल्यावर, त्या मधे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडं थंडीत लोक असे बसत नाहीत, नाचतात.

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पण विमल उठली.

ती का उठली हे तिनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. माहेरी पंचमीला गावातल्या पोरी फेर धरायच्या. तिच्या वस्तीतल्या पोरी जरा लांब, बाभळीखाली उभ्या राहून बघायच्या. गाणी सगळी पाठ, पावलं पाठ, आणि पाय मात्र जागेवर. फेर म्हटलं की तिला ती बाभूळ आठवायची. मकरेबाई बोटानं जमिनीवर गोल काढून म्हणाल्या, "हे तुझं जागा," आणि विमल त्या जागेवर जाऊन उभी राहिली. बस, एवढंच.

नाच दोन होते. एक इंग्लंडातला, दोन रांगा समोरासमोर करून, पहिल्या जोडीनं हात उंच धरून कमान करायची आणि बाकीच्यांनी खालून वाकून जायचं. दुसरा मकरेबाईंच्या मुलखातला, गोलाचा. कमानीवरून पहिल्याच दिवशी खोळंबा झाला, कारण कुणी कुणाच्या हाताखालून वाकायचं हा प्रश्न त्या पडवीत साधा नव्हता. पण पुढच्या फेरीत वाकलेली कमान व्हायची आणि कमान झालेली वाकायची, हे एकदा ध्यानात आल्यावर बायांनी ते सासू-सुनेच्या हिशोबात बसवून घेतलं. आज तुझी पाळी, उद्या माझी.

खरं अडलं ते गोलाच्या नाचात. त्यात एक साखळी होती. निम्म्या बायांनी एका अंगानं चालायचं, निम्म्या दुसऱ्या अंगानं, आणि समोर येईल तिला एकदा उजवा हात, पुढचीला डावा, असं देत-घेत जायचं. मकरेबाई कानडीत सांगायच्या, "बलगै, एडगै," उजवा, डावा. बलगैला सगळ्या नीट जायच्या. एडगै म्हटलं की सगळ्या पुन्हा उजवाच पुढं करायच्या, आणि तसं केलं की माणूस स्वतःभोवती फिरून उलट तोंडानं निघतं. साखळीचा गुंता व्हायचा, बाया एकमेकींच्या पाठीवर आदळायच्या.

"डाव्या हातानं मी भिकाऱ्याला बी वाढत न्हाई," बाणूबाई म्हणाली.

बाणूबाई धनगर गल्लीची. नऊवारीचा कासोटा, दंडात चांदीची वाकी, आणि जीभ अशी की तिच्या नवऱ्यापेक्षा तिची मेंढरंच तिचं जास्त ऐकतात असं गाव म्हणे. तिचं बोलणं सगळ्यांना एकदम पटलं. पटायला सोयीचंही होतं. कारण उजवा हात तरी कुठं नीट दिला जात होता? धनगर गल्लीची बोटं आणि भीमनगरची बोटं जिथं भेटत तिथं नखाला नख लागून सुटत. हे विमलला दिसत होतं, बाणूबाईला माहीत होतं, आणि सगळा दोष डाव्या हातावर टाकून दोन्हीकडच्या बाया मोकळ्या झाल्या होत्या.

मकरेबाई दमून जमिनीवर बसल्या आणि आपल्या गावाचं सांगू लागल्या. डोंगर, वारा, थंडी. "हमारे गाँव में लोगां कम, मेंढ्या ज्यादा."

बाणूबाईचे कान टवकारले. कातरतं कोण? मकरेबाई म्हणाल्या, मीसुद्धा मेंढरं कातरलीत. कशी? त्यांनी हवेतलं मेंढरू उजव्या हातानं धरून दाखवलं.

बाणूबाईला ते बघवेना. "अवं असं धरलं तर पळालं की मेंढरू. उजव्यात कातर असती. धरायचा हात डावा." आणि दाखवायला म्हणून शेजारचं जे काही हाताला आलं ते तिनं डाव्या मुठीत गच्च धरलं. ते विमलचं मनगट होतं.

बाणूबाईनं आपल्या मुठीकडं बघितलं, मग विमलकडं. मूठ तिनं सोडली नाही.

"हं, बाई," ती मकरेबाईंना म्हणाली, "म्हणा तुमचं ते एडगै."

मकरेबाईंनी मेंढरू मुद्दाम चुकीच्या हातानं धरलं की त्या खरंच विसरल्या होत्या, ह्यावर पुढं बायांत कायमचे दोन पक्ष पडले. साखळी मात्र त्या दिवसापासून सुटली नाही. बालवाडीची पुढं अंगणवाडी झाली, म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, चावडीवर सिमेंटचा गिलावा चढला. नव्वद साल आलं तरी तिथली पोरं बलगै-एडगै खेळत होती. हा खेळ कुठून आला असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, विमलबाईंचा हाय.

वाजवणारं कुणी नव्हतं. मकरेबाई तोंडानंच चाल म्हणायच्या, भराभर, जिभेवर लाह्या फुटाव्यात तशी. त्याला शब्द नव्हते. त्यात कुठला देव नव्हता, कुठला राजा नव्हता, त्यामुळं त्यावर ना भीमनगराला हरकत घेता आली ना धनगर गल्लीला. आणि एक नियम त्यांनी पहिल्या दिवशीच घातला होता. जिला दम लागेल तिनं हात वर करायचा. हात वर दिसला की त्या गाणं तोडायच्या आणि सगळ्यांनी बसायचं. एकीनं बसून सातीजणींनी नाचायचं नाही.

घरी विमल ह्याला कवायत म्हणत होती. ज्ञानोबांनी कवायतीबद्दल कधी काही विचारलं नाही. पण हुमनाबादला तालुक्याचा महिला मेळावा ठरला, मन्नाएखेळ्ळीच्या बाया त्यात परदेशचे नाच करून दाखवणार हे ग्रामसेवकानं चहाच्या हॉटेलात मोठ्यानं सांगितलं, आणि ज्ञानोबा तिथंच बाकावर बशीतला चहा फुंकत बसले होते. बशी तशीच ठेवून ते घरी आले. त्यानंतरचं भांडण वर सांगितलंच आहे.

भांडणानंतर विमल सरावाला गेली नाही. सकाळी पोरं सांभाळली, दुपारी पडवीला कुलूप न लावता किल्ली साखळीतल्याच इंदिराबाईंच्या हातात दिली आणि घरी येऊन बसली. ती नाही म्हणजे नुसती एक बाई कमी एवढंच नव्हतं. धनगर गल्लीतल्या नवऱ्यांनी हुमनाबादला जायला होकार दिला होता तो बालवाडीची बाई सोबत आहे म्हणून. ती अडली की सगळ्याच अडणार होत्या. आणि तिला स्वतःला पुन्हा ती बाभूळ दिसायला लागली होती.

पडवीत पुढं जे झालं ते बघायला विमल तिथं नव्हती. तिला ते नंतर सगळ्याजणींनी सांगितलं, आणि प्रत्येकीचं वेगळं.

मकरेबाईंनी सातजणींनाच उभं केलं आणि विमलची जागा रिकामी ठेवायला सांगितली. साखळी सुरू झाली. जी त्या जागेपाशी येई ती हवेत हात पुढं करी, नसलेल्या विमलला हात देई, आणि पुढं जाई. एवढ्यात पायऱ्यांवर ज्ञानोबा आले. सून येणार नाही हे परस्पर कळू देणारा हा माणूस नव्हता. नकार द्यायचा तर तोंडावर द्यायचा म्हणून ते स्वतः चालत आले होते. पण मकरेबाईंच्या तोंडात चाल होती. मधे त्यांना बोलता येईना आणि ज्ञानोबांना थांबवता येईना.

"अप्पा," बाणूबाई जाता जाता म्हणाली, "आलाच हायसा तर तेवढ्या रिकाम्या जागेवर उभं ऱ्हावा. हात कुणाला द्यावा कळना झालंय."

ज्ञानोबा उभे राहिले. का उभे राहिले ह्याबद्दल बायांत एकमत नाही. इंदिराबाईंच्या मते गोंधळून, बाणूबाईच्या मते तिचं न ऐकायची हिंमत गावात कुणाची नाही म्हणून. बायांच्या हातात हात देणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी काठी आडवी पुढं केली. मग जी येई ती काठीचं टोक धरून वळे आणि पुढं जाई. धनगर गल्लीची आली, भीमनगरची आली, पुन्हा धनगर गल्लीची. मधे ज्ञानोबा मयताला आल्यासारखं तोंड करून खांबासारखे ताठ. तोंडं खरंच सगळ्यांची आत होती. पडवीत बघणारं कुणी नव्हतं. एकटेच जे बाहेरून आले होते तेही आता साखळीत होते.

तेवढ्यात इंदिराबाईंना दम लागला. अंगानं जड बाई. त्यांनी हात वर केला.

चाल मधेच तुटली. सगळ्या बाया होत्या तिथं मटकन खाली बसल्या. ज्ञानोबा एकटे उभे राहिले, काठी पुढं केलेली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"इंदिराबाईला दम लागला," बाणूबाई पदरानं वारा घेत म्हणाली.

"मग?"

"मग काय? बसलो की."

ज्ञानोबांनी एकेकीकडं बघितलं. इंदिराबाईंच्या वर झालेल्या आणि आता मांडीत पडलेल्या हाताकडं बघितलं. मग ते पायऱ्या उतरून गेले. जे सांगायला आले होते ते राहूनच गेलं, आणि घराकडं न वळता ते डांबरी रस्त्यानं लांब कुठंतरी चालत गेले.

इंदिराबाई धापा टाकत विमलकडं आल्या. हसू आवरत नव्हतं. "तुझा सासरा नाचायलाय गं," म्हणाल्या. विमलला हसू आलं नाही. तिला वाटलं, आता घरी येऊन ते काय करतील कुणास ठाऊक.

दिवेलागणीला ज्ञानोबा परत आले. उंबऱ्यात बसले नाहीत. आत येऊन भिंतीला टेकून बसले, काठी शेजारी जमिनीवर. विमलनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. ते प्याले नाहीत.

"सावित्रीनं बी हात वर केलता," ते म्हणाले.

त्या घरात तिनं हे नाव सासऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ती चुलीपुढं बसली होती.

"वरातीत. पोटुशी व्हती. देवळापासनं चावडीपोत आली आन हात वर केला. बास म्हून."

"मग?"

"वाजवत मी व्हतो." त्यांनी पुढ्यातला तांब्या जरा बाजूला सारला. "हलगी थांबली असती तर दोघांनी मार खाल्ला असता. मी थांबवली न्हाई. आजवर मला वाटायचं, नाच म्हंजे असाच असतोय. हात वर केलेला कुणालाच दिसत न्हाई."

विमलनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"हुमनाबादला वाजवणार कोण?"

"कुणी न्हाई, मामा. मकरेबाईच म्हणतेत तोंडानं."

"आन येवढ्या लोकांम्होरं कुणाला दम लागला तर?"

"तर बी बसायचं. समद्यांनी. मांडवातल्यांनी वाट बघायची."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा उजेड भिंतीवरून सरकत गेला. ज्ञानोबांनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी पिऊन रिकामा खाली ठेवला.

"मामा," विमल म्हणाली, "मग मी जाऊ का?"

शेजारच्या घरातलं खलबत्त्याचं कुटणं थांबलं. भिंतीपलीकडं इंदिराबाईही ते 'न्हाई' कधी येतंय ह्याची वाट बघत होत्या. विमलनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघायचं टाळून त्यांच्या हाताकडं बघितलं. हात जमिनीवर चाचपडत काठीपर्यंत गेला.

ज्ञानोबांनी काठी उचलली, उभी टेकली, आणि काही न बोलता उंबरा ओलांडून बाहेर गेले.